पडद्यावरील शुद्ध अक्षर : जुना संगणक आणि मुक्त प्रणाली

(निपाणी येथे ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी केवळ यंत्रज्ञांचा वाटेल. जुन्या संगणकावरील मुक्त प्रणालीत पडद्याची मांडणी कशी करावी, असा तो आहे. मुक्त प्रणाली म्हणजे जिची मूळ घडण सर्वांना पाहता येते, जी विनामूल्य मिळते आणि जिची प्रत दुसऱ्यास देण्याची मुभा असते, अशी प्रणाली. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन आणि उबुंटू या अशाच प्रणाली होत. सी-डॅक या संस्थेने २००७ साली प्रसृत केलेली 'बॉस' ही प्रणालीही याच घराण्यातील आहे.

बेळगावी आणि निपाणी परिसराला या विषयाचे विशेष प्रयोजन आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. येथील मराठी शाळेतील मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या वाचाव्या लागतात. शेतजमिनीचा उतारा 'भूमी' योजनेखाली संगणकावर आला तो कन्नडमध्ये. घरचे पत्र आणि शाळेचे पुस्तक मराठीत. म्हणजे एकाच पडद्यावर दोन्ही भारतीय लिप्या स्वच्छ दिसणे ही येथील रोजची गरज आहे.

ही गरज किती खरी आहे हे एका शब्दावरून ध्यानी येईल. तो शब्द 'शेतकऱ्यांना' हा होय. शेतीविषयक कोणत्याही मराठी सूचनापत्रात तो आल्यावाचून राहत नाही. त्यातील 'ऱ्या' हा अर्धा र मराठीचे वैशिष्ट्य आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दोहोंतील भेद केवळ या एका अक्षराने राखला जातो. पडद्यावर हे अक्षर तुटले, तर ज्याच्यासाठी सूचना काढली त्याचेच नाव अशुद्ध होते, आणि पोरे तेच अशुद्ध रूप गिरवितात.

आता पडद्याकडे वळू. पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते, आणि आडवे व उभे बिंदू किती, यास रिझोल्यूशन म्हणतात. १७ इंची चौकोनी सपाट पडद्यावर ते बहुधा १२८० × १०२४ असते. अक्षर लहान दिसते म्हणून पुष्कळ लोक ही संख्या कमी करून १०२४ × ७६८ करतात. हा उपाय उलटा आहे. सपाट पडद्यातील बिंदू मुळातच ठरलेले असतात. कमी संख्येचे चित्र त्यावर ताणून बसविले की कडा पुसट होतात. इंग्रजी अक्षर त्यातूनही ओळखू येते. परंतु अनुस्वाराचे टिंब, रफार, उकार आणि कन्नडमधील अक्षराखाली लिहिली जाणारी जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. म्हणून पडद्याची मूळ बिंदुसंख्या कायम ठेवावी आणि अक्षराचा आकार वाढवावा, हा पहिला नियम.

जुन्या ग्नोम मांडणीत यासाठी 'सिस्टिम' या यादीतील 'प्रेफरन्सेस'मध्ये जावे. तेथील 'मॉनिटर्स' या ठिकाणी बिंदुसंख्या आणि 'अपिअरन्स'मधील 'फाँट्स' या पानावर अक्षराचा आकार बदलता येतो. त्याच पानावर अक्षराच्या कडा गुळगुळीत करण्याचे पर्याय आहेत. सपाट पडद्यास 'सबपिक्सेल' हा पर्याय मानवतो. जुन्या काचेच्या फुगीर पडद्यास 'बेस्ट शेप्स' बरा पडतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खालीही मात्रांना जागा लागते, म्हणून इंग्रजीपेक्षा आकार एक-दोन अंकांनी मोठा ठेवावा.

काचेच्या पडद्याची आणखी एक बाब आहे. त्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते, हे ठरवावे लागते. ६० वेळा उमटल्यास पुष्कळांना ते लुकलुकताना दिसते आणि डोळे शिणतात. पडद्यास झेपत असेल तर ७५ किंवा ८५ ठेवावे. पडद्याच्या मर्यादेबाहेर मात्र जाऊ नये. तसे झाल्यास 'आउट ऑफ रेंज' असा इशारा येतो किंवा पडदा काळा पडतो.

कधी कधी यादीत योग्य बिंदुसंख्या दिसतच नाही. पडदा आपली माहिती तारेतूनच संगणकाला कळवीत असतो. तार सदोष असली तर ती माहिती पोहोचत नाही आणि संगणक अंदाजाने लहान संख्या निवडतो. अशा वेळी प्रथम तार काढून नीट बसवावी किंवा बदलून पाहावी. तरीही दोष राहिला तर 'एक्सरँडआर' या साधनाने हवी ती संख्या यादीत घालता येते. फार जुन्या आवृत्त्यांत हेच काम 'एक्सऑर्ग' नावाच्या धारिकेत लिहून करावे लागे. त्या धारिकेस हात लावण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवणे अगत्याचे आहे. पडदा काळा पडलाच, तर त्या जुन्या आवृत्त्यांत कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-१ या कळा एकत्र दाबल्या असता साधा अक्षरांचा पडदा मिळतो. तेथून मूळ प्रत परत ठेवता येते.

मांडणी बरोबर असूनही मराठी बिघडलेली दिसते, तेव्हा बिघाड कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखावे. अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसला, तर त्या फाँटमध्ये ते अक्षर नाही असे समजावे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या फाँटमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो, आणि नवा फाँट घातला की तो जातो. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली किंवा जोडाक्षर फुटले, तर अक्षरे जुळविणारा प्रणालीचा भाग जुना आहे. तेथे प्रणालीच नवी घ्यावी. तिसरी जात म्हणजे सारा मजकूरच निरर्थक रोमन अक्षरांत दिसणे. तो मजकूर युनिकोडपूर्वीच्या एखाद्या खासगी फाँटमध्ये टंकित झालेला असतो. पडद्याची मांडणी कितीही बदलली तरी तो वाचता येणार नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतरच करावे लागते.

'शेतकऱ्यांना' हा शब्द टंकताना साधा र, हलन्त आणि य अशा कळा दाबल्यास रफारच उमटतो. तो पडद्याचा दोष नव्हे. इन्स्क्रिप्ट कळपाटावर र ची कळ शिफ्टसह दाबली असता 'ऱ' मिळतो. त्यापुढे हलन्त आणि य दाबावेत, म्हणजे शुद्ध रूप येते.

फाँटची निवडही विचारपूर्वक करावी. 'लोहित' हा मुक्त फाँट देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत उपलब्ध असल्याने आपल्या भागास सोयीचा आहे. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून निराळे आहेत, परंतु युनिकोडमधील त्यांचे क्रमांक एकच आहेत. म्हणून मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकास सांगितले, आणि फाँटमध्ये ती सोय असली, तरच मराठी वळण दिसते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णलेखन निश्चित केले होते. शिक्षकांनी पडद्यावरील अक्षर सध्या लागू असलेल्या वर्णलेखनाशी ताडून पाहावे.

एक सावधगिरीची सूचना. जुनी प्रणाली चालते म्हणून ती तशीच इंटरनेटला जोडू नये. उबुंटूच्या १०.०४ या आवृत्तीच्या मेजावरील संगणकांसाठीच्या दुरुस्त्या २०१३ सालीच थांबल्या. जुन्या ग्नोमची ओळखीची मांडणी ज्यांना हवी, त्यांनी त्याच परंपरेतील 'मेट' ही चालू मांडणी घ्यावी. तेथेही वरील बहुतेक सोयी जवळजवळ त्याच नावांनी सापडतात.

शिक्षकांनी शाळेतील प्रत्येक यंत्राची बिंदुसंख्या, फाँट आणि आकार एका वहीत नोंदवून ठेवावा, म्हणजे बिघाड झाल्यास मूळ मांडणी पुन्हा बसविता येईल. अधिकाऱ्यांनी मराठी आणि कन्नड दोन्ही पत्रके युनिकोडमध्येच तयार करावीत. ग्रामस्थांनी पत्रकात आपले नाव किंवा गावाचे नाव अशुद्ध दिसले, तर ते संकोच न करता दाखवून द्यावे. या कामास नवे यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही. एक दुपार आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे. येत्या आठवड्यात प्रत्येक शाळेने आपल्या पडद्यावर 'शेतकऱ्यांना' हा एक शब्द मोठ्या अक्षरांत काढून पाहावा आणि तो शुद्ध दिसेपर्यंत मांडणी सुधारावी, एवढी विनंती.