वेबसाइटचा सातबारा कोणाच्या नावावर?

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मी समाजकार्य शिकले, संगणक हा काही माझा विषय नव्हे. आज जे सांगणार आहे ते ठेच लागून शिकलेले आहे. ती ठेच तुम्हाला लागू नये एवढ्यासाठी उभी आहे.

मी ज्या गटाबरोबर काम करते, त्यात बारा जणी मसाले आणि दिवाळीचा फराळ करतात. त्यांची वेबसाइट एका काकूंच्या पुतण्याने करून दिली. "काकू, तुम्ही काळजी करू नका, मी बघतो," म्हणाला. वेबसाइट छान झाली. पुण्या-मुंबईहून मागणी येऊ लागली. पाकिटांवर तिचे नाव छापले. पुढे पुतण्याला परगावी नोकरी लागली. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. नवरात्रात एक दिवस वेबसाइट उघडेना. कंपनीला फोन केला, तर पहिला प्रश्न आला, "नोंद कोणाच्या नावावर आहे?"

नोंद पुतण्याच्या नावावर होती. पासवर्ड तो विसरलेला, आणि ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या सिमवर जात होता. धावपळीत दिवाळी गेली. मुदतही टळली, आणि ते नाव तिसऱ्याच कोणीतरी घेतले. उरलेल्या पाकिटांवर आम्ही नव्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत बसलो.

पैसे बारा जणींचे, कष्ट बारा जणींचे, कागदावर नाव मात्र एकीचेही नाही. ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? शेतात राबायचे तिने आणि सातबाऱ्यावर नाव त्याचे, हेच ना? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या, त्या याचसाठी. मग नव्या धंद्यात आपण जुनीच चूक का करावी?

दोन शब्द समजून घ्या. डोमेन म्हणजे दुकानाचे नाव-पत्ता. होस्टिंग म्हणजे माल मांडायला भाड्याने घेतलेला गाळा. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी नोंदवायचे आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून पुढे चालू ठेवायचे. 'डॉट कॉम'ची मुदत संपली तर नोंदणी करणारी कंपनी काही दिवसांची सवलत देऊ शकते. नाव रद्द झाले की तीस दिवस जादा दंड भरून ते सोडवता येते. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येते. हा विसरभोळेपणा मोठ्यांनाही चुकला नाही. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या एका डोमेनचे पैसे भरायला विसरली होती. ते एका तिऱ्हाईत माणसाने भरले!

म्हणून पहिली गोष्ट : डोमेन आणि होस्टिंग दोन्ही गटाच्या नावावर, गटाच्या ईमेलवर घ्या. पावती गटाच्या फाइलला लावा. वेबसाइट करून देणाऱ्याला कामाचे पैसे द्या, मालकी देऊ नका.

दुसरी : पासवर्ड दोघींकडे असावा. पदाधिकारी बदलल्या की पासवर्डही बदला, आणि तशी नोंद इतिवृत्तात करा. ओटीपीसाठी गटाचे वेगळे सिम घ्या. तोच नंबर वेबसाइटवर द्या. कोणा एकीचा घरचा नंबर दिला की रात्री-अपरात्री नको ते फोन येतात, आणि मग घरचे म्हणतात, 'बंद कर तो धंदा.'

तिसरी : पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईला भुलू नका. 'दुसऱ्या वर्षी किती?' हे आधी विचारा. पुष्कळदा ते कितीतरी जास्त असते.

चौथी : वेबसाइटची प्रत स्वतःकडे ठेवा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या इमारतीला आग लागली. काही ग्राहकांची राखीव प्रतही त्याच आवारात होती, तीही गेली. सगळे दागिने एकाच डब्यात ठेवू नयेत, हे आपल्याला कोणी शिकवायला हवे का?

पाचवी : पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' आहे ना, ते पाहा. नसेल तर ब्राउझर 'असुरक्षित' असा इशारा देतो आणि गिऱ्हाईक परत फिरते. यासाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था फुकट देते. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर कशाचे, ते विचारा.

पुतण्याला मी दोष देत नाही. त्याने मनापासून मदत केली. दोष 'मी बघतो' ऐकल्यावर सुटकेचा निःश्वास टाकण्याच्या आपल्या सवयीचा आहे. बँकेचे, कोर्टाचे, जमिनीचे कागद आपण असेच दुसऱ्याच्या हाती दिले.

आता आमच्या गटाची नवी वेबसाइट गटाच्या नावावर आहे. "मला यातलं काही कळत नाही बाई," म्हणणाऱ्या एका मावशींनी यंदा मुदतीच्या महिनाभर आधी स्वतः पैसे भरले. मी नुसती शेजारी बसले होते. पावती आली तेव्हा त्यांनी चष्मा लावून वरचे नाव दोनदा वाचले आणि मगच ती फाइलला लावली.

पुढच्या मासिक बैठकीत तुम्हीही ते नाव वाचून पाहा.