दीव बंदरात साडेतीन तास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला जहाजाच्या प्रवासावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई जहाजाने जाऊन आलो, ही बातमी आपल्या गल्लीत तेव्हा जरा जास्तच पसरली होती. कोणी विचारले, जहाजावर रोज नाच असतो म्हणे, खरे का? कोणी विचारले, शाकाहारी जेवण मिळते का? आणि एकीने, नाव सांगत नाही, त्या समोरच बसल्या आहेत, एका दुभत्या गाईचे पैसे पाण्यात घातलेत असे माझ्या तोंडावर सांगितले. पैसे पाण्यात घातले हे अगदी अक्षरशः खरे आहे. पण का घातले, ते मी तेव्हा कोणाला सांगितले नव्हते. आज जाऊबाईंची परवानगी घेऊन सांगते.

आम्ही घरात त्यांना आक्का म्हणतो. त्यांचे माहेर पारनेर तालुक्यातले. त्या भागातली मुले फौजेत पूर्वीपासून जातात. आक्कांचा थोरला भाऊ मात्र पायदळात न जाता नौदलात गेला, आणि जहाजाच्या यंत्रखोलीत कामाला लागला. ज्या गावात विहिरीला फेब्रुवारीत तळ दिसतो, त्या गावचा मुलगा समुद्रावर! 1971 साली डिसेंबरच्या 9 तारखेला, रात्री नवाच्या आधी, दीवच्या समुद्रात आपली ‘खुकरी’ नावाची युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने बुडविली. पाणबुडी शोधण्यासाठीच तिला धाडले होते. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. सहा अधिकारी आणि 61 खलाशी वाचले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. आक्कांचा भाऊ त्या 176 जणांतला. वय बावीस. आक्का तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या.

तार आली, पण देह आला नाही. त्यामुळे आईने शेवटपर्यंत मान्य केले नाही. ट्रंक उन्हात घालायची, कपडे झटकायचे आणि परत घडी करून ठेवायचे, असे तिने पुष्कळ वर्षे केले. आणि आक्का? ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, हे आपण सगळ्या जाणतो. आक्कांना दुसरा भाऊ आहे. त्याला त्या ओवाळतात. पण त्याआधी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून पाहते आहे. पहिल्या वर्षी मी अजाणतेपणी कारण विचारले, आणि सासूबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केले.

2021 साली या गोष्टीला पन्नास वर्षे होत होती. त्याच वर्षी मुंबईहून प्रवासी जहाजांच्या फेऱ्या सुरू झाल्याची जाहिरात माझ्या मुलाने दाखविली. गोवा, लक्षद्वीप, कोची आणि दीव. दीव हे नाव ऐकताच आक्का पोळी लाटायच्या थांबल्या. दीवला रस्त्यानेही जाता येते, पूल आहे, मी त्यांना सांगितलेही. त्या म्हणाल्या, “तो रस्त्यानं गेला नव्हता.” पुढे मी काही बोलले नाही.

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले होते. एस.टी.चा संप चालू होता, म्हणून आक्कांच्या भाच्याने आपल्या जीपने टाकळी ढोकेश्वरवरून माळशेज उतरवून आम्हांला मुंबईला पोचविले. करोनाचे दिवस, तेव्हा नाकात काडी घालून तपासणी झाली, आणि बॅलार्ड पिअरवर आम्ही जहाजात चढलो. जहाज म्हणजे काय सांगू! आपल्या कापडबाजारातले दुमजली वाडे एकावर एक पाच ठेवले तरी खाली राहतील. आत जिने, दुकाने, नाटकगृह, पोहण्याचा हौद. नाच होता, होय. शाकाहारी जेवणही भरपूर होते, आणि ताटांत टाकलेले अन्न पाहून जीव तुटत होता. आक्का तांब्याभर पाण्यात तोंड धुऊन बाहेर आल्या, तेव्हा खोली झाडणारा मुलगा, रत्नागिरीकडचा होता, हसून म्हणाला, “आजी, पाणी वापरा की. समुद्राचंच गोडं करतात.” आक्कांना ते पटले नाही. टँकरवर हंडा लावलेली बाई आहे ती. नळ सोडून ठेवणे तिला जमत नाही.

त्याच मुलाला त्यांनी विचारले, “यंत्रखोली कुठं असती रं?” तो म्हणाला, खाली, अगदी तळाशी, पाण्याच्या पातळीच्याही खाली. तिथे प्रवाशांना जाऊ देत नाहीत. आक्कांनी मान हलविली. रात्री त्या गादीवर झोपल्या नाहीत. सतरंजी खाली अंथरून जमिनीला कान लावून पडल्या. यंत्राची धडधड खालून येत होती. मी दिवा मालवला आणि काही विचारले नाही.

पहाटे आम्ही डाव्या बाजूच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिलो. मुंबईहून दीवला जाताना ‘खुकरी’ची जागा डाव्या हाताला, पुष्कळ लांब राहते, एवढे मी नकाशावर पाहून ठेवले होते. दिसायचे काही नव्हते. पाणी आणि पाणी. आक्कांनी हात जोडले, एवढेच.

मग उजाडले आणि दीव दिसू लागले. बेट चिमुकले आहे, लांबी अकरा-बारा किलोमीटर, सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला अगदी चिकटून, मध्ये खाडीची चिंचोळी पट्टी. मोठे जहाज बंदरात जात नाही. ते बाहेर नांगर टाकते आणि माणसांना होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. समोर पोर्तुगीजांचा किल्ला, आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यातच बांधलेला पाणीकोठा. दगडाचे जहाजच नांगरून ठेवले आहे असे वाटते.

भगिनींनो, मी जन्मभर शाळेत इतिहास-भूगोल शिकविला, त्यामुळे इथे दोन मिनिटे मास्तरीण होते, रागावू नका. नगरच्या बायकांचा दीवशी काय संबंध असे वाटेल. पण निजामशाही आपल्या गावी होती आणि चौलचे बंदर तिच्या ताब्यात होते. त्या चौलपाशी 1508 साली दीवचा सुभेदार मलिक अयाज आणि इजिप्तचे आरमार यांनी पोर्तुगीजांची जहाजे गाठली. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो मारला गेला. बाप सुडाला पेटला आणि 3 फेब्रुवारी 1509 रोजी दीवसमोर त्याने ते आरमार मोडले. तिथून पुढे या समुद्रावर फिरंग्यांचा वरचष्मा झाला. 1535 साली त्यांना किल्ला बांधावयास मिळाला, 1538 आणि 1546 या दोन वेढ्यांतून त्यांनी तो टिकविला, आणि 19 डिसेंबर 1961 पर्यंत तिथे त्यांचे निशाण होते. वर्गात हा धडा मी किती वेळा घेतला असेन; आल्मेदाच्या मुलाचे नाव फळ्यावर लिहायचे आणि पुसायचे. त्या सकाळी शेजारी आक्का उभ्या होत्या, आणि मला पहिल्यांदा वाटले, चौललाही कोणाचा तरी तरुण मुलगा पाण्यातच राहिला.

असो. किनाऱ्यावर पाच तास मिळणार असे आम्हांला आधी सांगितले होते. पण त्या दिवशी लाटा मोठ्या होत्या, होड्या एकेक करून सावकाश सुटल्या, आणि जमिनीला पाय लागले तेव्हा हातात साडेतीन तास उरले. प्रवाशांसाठी बस होती. किल्ला, देऊळ, जुने चर्च आणि नागव्याची चौपाटी असा तिचा बेत. मी विचारले, खुकरीचे स्मारक? बरोबरचा मनुष्य म्हणाला, “वेळ उरला तर.” मी म्हटले, आम्ही त्यासाठीच आलो आहोत. तो म्हणाला, “बाई, तुम्ही उशीर केलात तर जहाज थांबणार नाही.” त्याचेही खरे होते. आक्कांनी माझा हात धरला आणि सरळ रिक्षाकडे चालू लागल्या.

रिक्षावाला भला मनुष्य होता. त्याची गुजराती आणि आमचे मराठी यांत अडचण आली नाही. वाटेत रंगीत नक्षीची जुनी घरे लागली, कित्येकांना कुलपे. तो म्हणाला, या घरांतली माणसे विलायतेत आहेत. 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते, त्यावर पुष्कळ जण इंग्लंडला गेले. म्हाताऱ्या आया मागे राहिल्या आहेत. दारूच्या दुकानांवर मात्र कुलूप एकही नव्हते. गुजरातेत दारूबंदी, म्हणून शनिवार-रविवारी तिकडची माणसे इथे येतात. हे जाता जाता सांगितले.

चक्रतीर्थाच्या किनाऱ्यावर एका टेकाडावर ते स्मारक आहे. खाली खडक आणि त्यांवर फुटणारा समुद्र. काचेच्या मोठ्या पेटीत ‘खुकरी’ची प्रतिकृती ठेवली आहे. 1999 साली हे स्मारक झाले, म्हणजे आक्कांच्या आईच्या हयातीत ते नव्हते. दोन-तीन कुटुंबे छायाचित्रे काढीत होती. आक्का पेटीभोवती एकदा पूर्ण फिरल्या. मग वाकल्या, आणि जहाजाच्या मधल्या भागाच्या जरा मागे, अगदी खाली, काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, “हितं.”

कोणी त्यांना सांगितले नव्हते. आदल्या दिवशी त्या मुलाने सांगितले तेवढेच.

पिशवीतून त्यांनी निरांजन काढले. तुपात भिजविलेली फुलवात, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळे घरून आणलेले. जहाजावर जाळ चालत नाही, काड्यांची पेटी तपासणीतच काढून घेतली होती. ती रिक्षावाल्याने दिली. पण वारा असा की वात धरेना. मी पदर आडवा धरला, तरी धरेना. पाच काड्या गेल्या. माझे लक्ष घड्याळाकडे, होडीची वेळ मनात वाजत होती. तेवढ्यात शहाळी विकणारी एक बाई उठून आली. तिने विचारले, “कोण?” आक्का म्हणाल्या, “भाऊ.” तिने आपली ओढणी सोडली, एक टोक माझ्या हाती दिले, आणि आम्ही दोघींनी मिळून आडोसा केला. सहाव्या काडीला वात लागली. आक्कांनी काचेला ओवाळले. तीनदा. चौथ्या वेळी वात विझली.

त्या बाईचा नवरा वणाकबाऱ्याहून मासेमारीच्या बोटीवर जातो, असे तिने सांगितले. शहाळ्याचे पैसे घेईना. आक्कांनी तिला कुंकू लावले.

आम्ही होडी गाठली, तिला दहा मिनिटे अवकाश होता. किल्ला आम्ही आतून पाहिला नाही, चर्चही पाहिले नाही. तुमच्यापैकी कोणी गेलात तर जरूर पाहा. किल्ल्याला दुहेरी खंदक आहे. आणि स्मारक पाहावयाचे असेल तर ते आधी पाहा. ‘खुकरी’ याच नावाची नौदलाची दुसरी नौकाही सेवानिवृत्त झाल्यावर जानेवारी 2022 मध्ये दीवच्या प्रशासनाला दिली गेली. आम्ही गेलो तेव्हा ती आलेली नव्हती.

संध्याकाळी जहाज निघाले. वरच्या मजल्यावर गाणी लागली होती. आम्ही मागच्या बाजूला खुर्च्या टाकून बसलो. तिकडे पश्चिमेला सोमनाथ. आपल्या चौंडीच्या अहिल्याबाईंनी 1783 साली तिथे मंदिर बांधले, ते मी आक्कांना सांगत होते. त्यांचे लक्ष नव्हते. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा त्यांनी विचारले,

“भाऊबीजेचा चंद्र कुठं दिसतो गं?”

मी म्हटले, “द्वितीयेची कोर ती. सूर्य मावळला की पश्चिमेला, थोडा वेळ.”

“म्हंजी हिकडंच.”

“होय, हिकडंच.”

“मग मी पन्नास वर्षं बरोबर तोंड करून उभी हुते,” असे म्हणाल्या, आणि त्या रात्री व्यवस्थित जेवल्या. शिरा दोनदा घेतला.

परत येताना भाच्याने जीप त्यांच्या माहेरी थांबविली. घरात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. भाचरांची मुले भोवती जमली. त्यांना वाटले आत्या किल्ल्याच्या नि समुद्राच्या गोष्टी सांगेल. आक्कांनी एक लांबट शेंग उचलून खाटेवर ठेवली, म्हणाल्या हे जहाज, आणि हे पाणी इथवर. मग मधोमधच्या जरा मागे, खालच्या अंगाला नख टेकवून त्या मुलांना दाखवू लागल्या, “तुमचा आजा हितं कामाला होता.”