व्यापाऱ्याची चोपडी आणि ‘क्लाउड’



जुलै 2021 मध्ये म्हादईला पूर येऊन सत्तरी व डिचोली तालुक्यांतील अनेक घरांत पाणी शिरले, हे आपणांस स्मरत असेलच. भिजलेला माल व्यापाऱ्याला पुन्हा भरता येतो. परंतु भिजलेल्या चोपडीतील उधारी कोठून आणावी? शिवाय वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जतन करावे लागतात.

येथे ‘क्लाउड’ उपयोगी पडतो. नावात मेघ असला तरी हिशेब आकाशात नसतो. तो दूरच्या केंद्रातील संगणकांवर असतो आणि इंटरनेटद्वारे घरबसल्या पाहता येतो. दुकान पाण्याखाली गेले, तरी हिशेब शाबूत राहतो. मोठी यंत्रसामग्री विकत घ्यावी लागत नाही. वापरापुरते भाडे भरले की काम भागते. केंद्र शासनानेही स्वतःच्या कामासाठी ‘मेघराज’ हा उपक्रम स्वीकारला आहे.

तथापि सावधगिरी हवी. परवलीचा शब्द गुप्त ठेवावा. भाडे थांबविल्यास माहिती परत मिळेल काय, हे करारात आधीच पाहावे. एक प्रत स्वतःजवळही ठेवावी. हिशेब ठेवण्याची जागा भाड्याची असली, तरी चोपडी आपलीच राहिली पाहिजे.