लिफ्टला उचकी लागली तर

(भाग ऐकायचा राहिला असेल त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलणं तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे", "काय तर" थोडे कमी केलेत.)

तासगावातनं बोलतोय. सुरुवातीलाच एक सांगतो. तुम्ही आत्ता ट्रॅक्टरवर बसून, कानात इअरफोन घालून हे ऐकत असाल तर बंद करा. संध्याकाळी घरी गेल्यावर ऐका. आज मी काही आवाजांबद्दल बोलणार आहे, आणि ते आवाज ट्रॅक्टरवर असताना कानाला ऐकू यायलाच लागतात.

विषय आहे मिनी ट्रॅक्टरच्या लिफ्टचा. मागचे दोन हात वर जाताना झटके देतात, वर गेल्यावर मान हलवल्यासारखे खाली-वर होतात. आमच्याकडं म्हणतात, लिफ्टला उचकी लागली. आपल्या भागात तास-ए-गणेशची बाग असो नाहीतर दुसऱ्या कुठल्या वाणाची, दोन ओळींच्या मधून मोठा ट्रॅक्टर जात नाही. म्हणून दारात मिनी. औषध मारायला तोच, रोटरला तोच, आणि एका उचकीनं सगळं थांबतं.

माझी गोष्ट सांगतो. दसरा चार दिवसांवर आलेला. कवठेएकंदच्या पोरांची आतषबाजीची गडबड चाललेली. आमच्या बागेला फळछाटणी होऊन 22 दिवस झालेले. पालवी कोवळी, आभाळ भरलेलं, रात्री पाऊस पडून गेलेला. बागायतदाराला पुढचं सांगायला नको. असल्या हवेत दावण्या पानावर कधी बसतो कळत नाही. त्या दिवशी फवारा चुकवून चालत नव्हतं.

सकाळी ब्लोअर जोडला, टाकी भरली, लिव्हर वर ओढली. हात चार बोटं वर गेले, थांबले, परत चार बोटं. मागनं घुंऽऽ असा आवाज. कसाबसा वर गेला तर तिथं थांबेना. दर पाच-सहा सेकंदांनी थोडा खाली, परत वर. 400 लिटर पाणी मागं डुचमळतंय, पीटीओचा शाफ्ट खडखडतोय. एक ओळ मारली आणि थांबलो.

एका गॅरेजला फोन लावला. न बघता उत्तर आलं, "पंप गेलाय. गाडी घेऊन या, बदलायला लागंल." आकडा ऐकून आण्णा गप्प झाले. गप्प झाले म्हणजे कुणाकडनं पैसे उचलायचे त्याचा हिशेब डोक्यात सुरू झाला. ऐन औषधांच्या उधारीच्या महिन्यात.

मी म्हटलं, आपण तरी बघू. ब्लोअर वर तसाच, इंजिन चालू, आणि मी बॅटरी घेऊन हातांच्या खाली डोकं घातलं. शेजारचे तात्या बांधावरनं ओरडले, "बाहेर ये आधी! वरचं वजन तुझ्या मानंवर यायचंय, मर्दा!" मी बाहेर आलो आणि लिव्हर खाली केली. ब्लोअर सावकाश उतरायच्या ऐवजी मधेच अडकला आणि धप्पदिशी बसला. मी जिथं वाकलो होतो तिथंच.

म्हणून पहिला नियम, बाकी सगळं विसरला तरी चालेल. लिफ्टचं काहीही बघायचं असलं तर अवजार जमिनीवर टेकवायचं, पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. अवजार वर ठेवूनच बघायचं असेल तर खाली भक्कम ठोकळे लावायचे. वर धरलेलं वजन फक्त कोंडलेल्या तेलावर असतं. आणि पाईपला बारीक गळती शोधायला हात फिरवू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं, वरनं नुसता ठिपका दिसतो, आत हात सडतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. आणि तेल शिरलंच तर मलम लावत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आता मुद्दा. तात्या आयुष्यभर ट्रॅक्टरवर बसलेला माणूस. त्यांनी पान्याला हात लावला नाही. विचारलं, "उचकी कधी लागतीय? वर जाताना, वर थांबल्यावर, खाली येताना, का कामात?" मला वाटलं, काय फरक पडतो? सगळा फरक त्यातच आहे. आज तुमच्या लक्षात एवढं एकच राहिलं तरी हा भाग वसूल. झटका कधी येतो ते आधी बघा, पाना नंतर उचला.

त्याच्याही आधी एक चाचणी. पीटीओ बंद करून, मोकळ्या जागेत, लिफ्ट नुसती वर-खाली करा. झटका गायब झाला तर दुखणं लिफ्टचं नाही. शाफ्टचा क्रॉस ढिला झालाय, किंवा ब्लोअर एवढा वर उचललाय की शाफ्टला बाक जास्त आलाय. टॉपलिंकची पिन हलवून बघा. भोकं लांबट झाली असतील, बाजूच्या चेन सैल असतील, तर अवजार झोके खातं आणि आपण हायड्रोलिकला शिव्या देतो. हे सगळं बघायला एक रुपया लागत नाही.

झटका राहिला तर मग चार प्रश्न.

पहिला, वर जाताना झटके. याचा अर्थ बहुतेक वेळा पंपाला पुरेसं तेल मिळत नाही, किंवा तेलाबरोबर हवा जातीय. आपल्या गणपतीचा रथ आठवा. दोर ताठ असला की रथ एका लयीत सरकतो. दोर मधेच ढिला पडला की आधी ढिलाई भरते आणि मग हिसका बसतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. हवा ही त्या दोरातली ढिलाई. म्हणून सपाट जागी, लिफ्ट खाली करून, तेलाची पट्टी काढून बघा. कमी असलं तर भरा. फेस असला तर हवा शिरतीय. दुधाळ असलं तर पाणी शिरलंय, ते तेल बदलायलाच लागतं. चढाला-उताराला झटका वाढत असेल तर तेल कमी असल्याचा संशय आधी घ्या, कारण तेल एका बाजूला पळतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं.

इथं एक फसगत आहे. तेल ओढणाऱ्या बाजूचा पाईप चिरला असला तरी खाली थेंब पडेलच असं नाही. तिथं दाब नसतो, ओढ असते. तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गळती नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. क्लॅम्प, ओरिंग, रबरी तुकडा बघा. आणि पंपाच्या आधी जी जाळी असते ती. ती तुंबली की पंप घुंऽऽ करून रडतो.

दुसरा, वर थांबल्यावर मान हलवणं. इथं पंपाचा दोष सहसा नसतो. लिफ्ट वर गेली की तेल सिलेंडरमध्ये कोंडून ठेवलेलं असतं. ते आतल्या आत पाझरलं, पिस्टनच्या ओरिंगमधनं किंवा व्हॉल्व्हमधनं, की हात खाली सरकतात. लिव्हरला जोडलेल्या दांड्यांना ते कळतं, त्या परत तेल सोडतात, हात वर. परत पाझर, परत वर. हीच ती उचकी. चाचणी सोपी आहे. हलकं अवजार वर उचला, इंजिन बंद करा, लांब उभं राहून बघा. तासा-दोन तासांत थोडं उतरलं तर घाबरू नका. डोळ्यादेखत उतरायला लागलं तर आत गळती आहे. हे काम मिस्त्रीचं. पण आता तुम्ही त्याला सांगू शकता, "पंप नको बघू, आधी ओरिंग आणि व्हॉल्व्ह बघ." ह्या एका वाक्यानं बिल बदलतं.

तिसरा, खाली येताना अडकणं. सीटखाली किंवा सीटपुढं उतरण्याचा वेग कमी-जास्त करायची एक कळ असते. बऱ्याच जणांनी ती कधी फिरवलेलीच नसते. ती पूर्ण आवळलेली असली तर लिफ्ट उतरतच नाही, पूर्ण मोकळी असली तर धपकन आपटते. कळ बरोबर असून अडकत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा असू शकतो.

चौथा, फक्त कामात, माती लागल्यावर खाली-वर. हा बहुतेक वेळा बिघाडच नसतो! लिव्हर दोन असतात. एक पोझिशन, एक ड्राफ्ट. ड्राफ्टची लिव्हर मातीची ओढ बघून अवजार आपोआप वर-खाली करते. ही युक्ती हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसाची. त्याच्या आधी अवजार मागं नुसतं ओढलं जायचं. नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढनं उठून चालकाच्या अंगावर उलटायचा. फर्ग्युसननं तीन दांड्यांची जोडणी आणि हायड्रोलिक एकत्र बसवलं. 1939 साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ते घराघरांत गेलं, आणि आज आपल्या मिनीच्या मागं जे आहे ते त्याचंच नातवंड. पण ती युक्ती नांगराची. रोटर आणि ब्लोअरला पोझिशन वापरायची, ड्राफ्टची लिव्हर पुस्तकात सांगितलेल्या टोकाला ठेवायची. नाहीतर कडक-मऊ माती लागेल तशी लिफ्ट नाचणारच.

आता आमच्या गाडीचं काय झालं? आमची उचकी दोन ठिकाणी होती. वर जाताना आणि वर थांबल्यावर. तेलाची पातळी बरोबर, पण वर फेस. स्वच्छ डब्यात तेल काढलं, जाळी उघडली. जाळीला लाल रबरासारखे तुकडे चिकटलेले. आण्णांनी विचारलं, "हे काय रं?"

मला बघताक्षणी कळलं. उन्हाळ्यात फिल्टरच्या झाकणातनं तेल पाझरत होतं, तेव्हा मीच नवं पॅकिंग आणायचा कंटाळा करून सिलिकॉन फासलं होतं. भरपूर. बाहेर जेवढं दिसलं तेवढंच आत दाबलं गेलं, सुटलं, आणि जाळीवर जाऊन बसलं. पंप जोरात ओढायला लागला तसा जुन्या क्लॅम्पमधनं हवा शिरली. मी आण्णांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग पंप ऱ्हायला म्हणायचा." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जाळी डिझेलनं धुतली, नवी ओरिंग, नवा क्लॅम्प. पुस्तकात लिहिलेलंच तेल भरलं. मिनीत हेच तेल गिअरला, लिफ्टला आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेकलाही असतं, तिथं इंजिनचं उरलेलं ऑईल ओतायचं नाही. इंजिन हळू ठेवून, अवजार न लावता लिफ्ट आठ-दहा वेळा सावकाश वर-खाली केली, हवा निघाली. परत पातळी बघितली. वर जातानाचा झटका गेला. खर्च पंपाच्या मानानं किरकोळ.

वरची उचकी कमी झाली, गेली नाही. तात्यांनी टाकीकडं बोट केलं. "एवढं उचलायचं सांगितलंय का त्याला?" पुस्तक काढलं. मिनीची उचल कंपनीनुसार बदलते, पुष्कळांची साडेसातशे किलोच्या आसपास लिहिलेली असते. पण ती हातांच्या टोकाशी मोजलेली. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे 400 किलो पाणी, वर पंखा, पंप, सांगाडा, आणि हे सगळं टोकाच्या मागं लोंबतंय. जेवढं मागं, तेवढं जड. त्या दिवसापासनं टाकी 300 वरच भरतो. खेपा वाढल्या. पिस्टनची ओरिंग पुढच्या आठवड्यात मिस्त्रीनं बदलली, मी शेजारी उभा राहून बघितलं.

पण तो दिवस गेलाच. तेल काढून भरेपर्यंत संध्याकाळ झाली, खालची दोन एकर राहिली. रात्री परत पाऊस. आठवड्यानं तिथल्या पानांखाली पांढरी बुरशी दिसली. वरच्या बागेपेक्षा त्या दोन एकरांत माल कमी निघाला. बेदाणा करताना शेडवर रॅक मोकळे राहिले तेव्हा आण्णा काही बोलले नाहीत, मी मात्र मोजले. ते नुकसान उचकीचं नव्हतं. लिफ्ट महिनाभर आधीपासनं घुंऽऽ करत होती. मी कानात गाणी घालून बसलो होतो.

तर मंडळी, उद्या सकाळी पाच मिनिटं द्या. इअरफोन काढा, लिफ्ट एकदा वर, एकदा खाली, एकदा थांबवून बघा. आवाज ऐका. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, तारखेसकट. दोन महिन्यांनी झटका आलाच तर मिस्त्रीला दोन्ही व्हिडिओ दाखवा, आणि पहिलं वाक्य "लिफ्ट बिघडली" असं बोलू नका. "वर जाताना झटका देतीय" असं बोला.

तुमच्या ट्रॅक्टरची उचकी कधी लागते, ते व्हॉइस मेसेज करून पाठवा. गाडी बंद करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.