पेव, पेढी आणि बँक



आम्ही हिशेब शिकलो तो हमालांच्या मजुरीच्या चिठ्ठ्यांवरून. तेव्हा बँकेचा इतिहास सांगणार तोही पाठीवर पोते घेतलेल्या माणसाच्या बाजूने.

संस्थानी अमलात, 1916 साली, सांगली बँक निघाली. पण मालावर पैसा उभा राहतो हे या हळदीच्या पेठेला बँकेने शिकवावे लागले नाही. हरिपूरच्या पेवांत हळद कीड न लागता वर्षानुवर्षे राही. माल जमिनीखाली आणि त्याची पावती बाजारात फिरे. पेव उघडले की आतली कोंदलेली हवा जाईपर्यंत थांबायचे, मग आत उतरायचे. उतरणाऱ्याच्या नावाची पावती मात्र कधी नसे.

1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले; सांगली बँक त्यांत नव्हती. त्याच साली माथाडी कायदा झाला. आमच्या लेखी तीच मोठी गोष्ट!

तरीही 1990 नंतर एका शाखेत हमालांची खाती उघडायला गेलो, तर ओळख द्यायला जुना खातेदार हवा. हमालाला ओळखणारा खातेदार कोण? अडत्या, आणि त्याच्याशीच आमचे मजुरीवरून भांडण. अखेर एकाने सह्या दिल्या, आमच्याकडे न बघता.

एप्रिल 2007 मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. पाटी बदललेली पाहून एक म्हातारा हमाल पासबुक घेऊन आमच्याकडे आला. "दादा, पैसे हाईत न्हवं?" आहेत, म्हणालो. तरी त्याने सगळे काढले, पायरीवर बसून मोजले आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन भरले.