पाणघोडा आणि घोडा



पडद्याआड कोळीनृत्याची मंडळी टोपल्या घेऊन केव्हाची तयार आहेत, हे येताना पाहिलंय मी. त्यामुळे घाबरू नका. मी बुद्धिबळ शिकवणारा माणूस. एका खेळाडूची गोष्ट सांगतो आणि बसतो.

मिखाईल ताल. जन्म १९३६, लाटव्हियातल्या रीगा शहरात, एका डॉक्टरांच्या घरी. उजव्या हाताला जन्मापासून तीनच बोटं. तरी तो पियानो वाजवायचा, आणि पटावर तर त्या हाताची दहशत होती. आपण सगळे मोहरे जपतो. हा पठ्ठ्या घोडा, उंट, प्रसंगी हत्तीसुद्धा खुशाल मारू द्यायचा. बदल्यात त्याला एकच हवं असायचं: समोरच्या राजाची तटबंदी फुटायला हवी.

१९६० साली मॉस्कोत जगज्जेतेपदाची लढत झाली. समोर मिखाईल बोटविनिक, पेशाने इंजिनिअर, शिस्तीचा आणि कसून तयारी करणारा जगज्जेता. सहाव्या डावात तालने घोडा पुढे टाकला. सभागृहात इतका गलका झाला, की उरलेला डाव आतल्या खोलीत नेऊन खेळवावा लागला. ताल तो डाव जिंकला आणि पुढे लढतही, साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी. वय अवघं तेवीस! तोवर इतक्या लहान वयात कुणीच जगज्जेता झालं नव्हतं.

नंतर तज्ज्ञांनी निवांत बसून तो डाव तपासला आणि म्हणाले, त्या घोड्याला उत्तर होतं. असेलही. पेपर देऊन फाटकाबाहेर आलं की आपल्यालाही सगळी उत्तरं आठवतात की नाही? पण पटावर घड्याळ चालू असतं.

मग ताल डोळे मिटून चाली करायचा का? इथेच त्याची एक आठवण सांगतो. १९६४ साली कीव्हमध्ये सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत वास्युकोव्हशी डाव चालू होता. घोडा द्यावा की नाही? ताल चालींमागून चाली मोजत राहिला, तेवढ्यात त्याच्या डोक्यात एकदम शिरला पाणघोडा! चुकोव्हस्कीच्या बालगीतातला, दलदलीत रुतलेला. झालं, पटावरचा घोडा राहिला बाजूला आणि ताल पाणघोडा काढायच्या खटपटीला लागला. दोरखंड झाले, शिड्या झाल्या, हेलिकॉप्टरसुद्धा झालं. काही जमेना. शेवटी वैतागून म्हणाला, बुडू दे तिकडे! त्या क्षणी त्याला कळलं, की या घोड्याचाही हिशेब शेवटपर्यंत लागणार नाही. त्याने घोडा दिला आणि डाव जिंकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने छापलं: तालने चाळीस मिनिटं काटेकोर हिशेब करून घोडा दिला!

मुलांनो, हसलात, बरं झालं. पण तो आधी जीव तोडून मोजत होता, हे विसरू नका. अभ्यास न करता ठोकून देणं म्हणजे धाडस नव्हे. मोजता येईल तेवढं मोजायचं आणि पुढचं दिसेनासं झालं, की हात उचलायचा. सगळं दिसेपर्यंत थांबणाऱ्याचं घड्याळ संपतं.

आणि हरलो तर? तालही हरला. १९६१ च्या परतीच्या लढतीत बोटविनिकने मुकुट परत नेला. मूत्रपिंडाच्या दुखण्याने तालला आयुष्यभर छळलं. १९६९ मध्ये एक मूत्रपिंड काढावं लागलं. त्यानंतर, १९७३-७४ मध्ये, हाच माणूस सलग ९५ डाव अपराजित राहिला! जून १९९२ मध्ये तो गेला. त्याच्या महिनाभर आधी, अंगात त्राण नसताना, मॉस्कोतल्या एका झटपट स्पर्धेत त्याने तेव्हाच्या जगज्जेत्याला, कास्पारोव्हला, हरवलं होतं.

आज बक्षीस मिळालेल्यांचं अभिनंदन. ज्यांना मिळालं नाही, त्यांनी पट आवरू नये. मोहरे पुन्हा मांडावेत.

माझंही घड्याळ संपत आलंय. कोळीनृत्यवाल्यांनो, आता चाल तुमची!