नफ्याचा धनी कोण?



दान देवळात द्यावे आणि नफा पेढीवर घ्यावा, ही वाटणी समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, एखादी सेवाभावी संस्था स्वतःचा माल विकावयास बसली म्हणजे पुष्कळांच्या कपाळी आठी पडते. "हे विकतात, मग यांना देणगी कशाला?" असे एक म्हणतो. "सेवा म्हणवितात, मग भाव बाजाराचा कसा?" असे दुसरा विचारतो. दोघेही भले गृहस्थ आहेत. परंतु दोघांचीही समजूत एकाच ठिकाणी अडली आहे.

'ना नफा' या शब्दाने हा घोटाळा केला आहे. त्याचा अर्थ नफा होऊ नये असा नव्हे. ज्या संस्थेपाशी वर्षाअखेर काहीच उरत नाही, तिचा माग पुढल्या वर्षी बंद पडतो. अर्थ इतकाच की, जे उरेल ते कोणी भांडवलाचा वाटा म्हणून घरी नेऊ नये. ते त्याच कार्यात परत घालावे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात याची मोठी मार्मिक कसोटी आहे. कमीत कमी सात जणांनी मिळून संस्था काढावी. पण ती मोडण्याची वेळ आली, तर देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांस आपसांत वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे जाते. व्यापारी पेढी आणि लोकसेवी उद्योग यांतील भेद पाहावयाचा तर तो येथे पाहावा. पाटीवर वा भाषणात तो सापडत नाही.

याचे ठळक उदाहरण जैनथपासून फार दूर नाही. उत्तरेस पैनगंगा आणि पुढे वर्धा, अशा दोन नद्या ओलांडल्या की वरोरा लागते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापिली आणि वरोऱ्यानजीकच्या खडकाळ माळावर आनंदवन वसविले. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढीच काय ती पुंजी, असे त्या आरंभाविषयी सांगतात. पहिले काम विहीर खणण्याचे. पाणी लागले, जमीन निघाली, भाजी पिकली, दूधही खाऊन उरू लागले.

आणि खरी अडचण येथे उभी राहिली. वरोऱ्याच्या बाजारात ती भाजी कोणी घेईना. याच लोकांपैकी कित्येकांनी कुष्ठरोग्याच्या थाळीत पैसा टाकला असेल. त्यासाठी हाताला हात लागत नाही. पण त्याच्या बोटांनी खुडलेली वांगी घरच्या चुलीवर चढवावयाची म्हणजे भीतीचा सगळा डोंगर ओलांडावयाचा! १९५४ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांची एक तुकडी आनंदवनात रुग्णालय बांधावयास आली. अनेक देशांची ती तरुण माणसे तेथेच राहिली आणि तेथीलच अन्न जेवली. गावकऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिले, आणि हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागले.

ज्याने त्या दिवशी चार आण्यांची भाजी नेली असेल, त्याने पुण्य केले असे त्याला वाटलेही नसेल. त्याला भाजी हवी होती. पिकविणाऱ्याला मात्र दानाने जे मिळाले नव्हते ते मिळाले: समोरच्याने त्याच्या हातचा माल पारखून घेतला आणि त्याची किंमत मोजली. पुढे तेथे हातमाग आले, शुभेच्छापत्रे आली. १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय निघाले, आणि ज्या वस्तीची भाजी गाव घेत नव्हते तिच्याच भूमीवर गावची मुले शिकावयास जाऊ लागली. आनंदवनास देणग्याही मिळाल्या, मिळतातही. निव्वळ विक्रीवर एवढा व्याप चालला असे म्हणणे खरे होणार नाही.

याहून निराळा नमुना मुंबईचा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटावयास घेतले. तोच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. १९६६ मध्ये त्याची संस्था म्हणून नोंदणी झाली. येथे देणगीला थारा नाही. लाटणारी प्रत्येक भगिनी धनीण, आणि नफा-तोटा सर्वांचा सारखा. तेव्हा काटेकोरपणे याला 'ना नफा' म्हणावे की सहकार, याविषयी जाणत्यांत मतभेद होऊ शकेल. तथापि, लाटणे हाती न धरता नुसत्या भांडवलावर वाटा मागणारा येथे कोणी नाही, एवढे निश्चित. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनीही 'सामाजिक व्यवसाय' म्हणून हेच सूत्र मांडले. पैसा घालणाऱ्याने मुद्दल परत घ्यावे, लाभांश घेऊ नये.

आता जैनथकडे पाहावे. हा कापसाचा मुलूख, आणि गावात लक्ष्मीनारायणाचे प्राचीन देवालय. समजा, येथल्या काही निराधार स्त्रियांनी घरच्या कापसाच्या फुलवाती वळून विकावयाचे ठरविले. पहिला धोका बाहेरून येत नाही. तो भाविकांकडूनच येतो. "देवाचे काम आहे, मजुरी कसली मागता?" असे कोणीतरी म्हणेल. हे बोलणे भक्तीचे दिसते. पण ज्या बाईची चूल त्या वातींवर पेटावयाची, तिच्या भाकरीतून परस्पर सेवा कापून घेण्याचा अधिकार कोणासही नाही. सेवा करावयाची ती चालकांनी करावी, हिशेब लिहिणाऱ्याने करावी; वळणारीला आधी पुरती मजुरी मिळावी. दुसरा धोका पुढे येतो. खप वाढला की कोणी म्हणेल, हातांनी वळणे महाग पडते, यंत्र आणावे. यंत्राने वाती स्वस्त होतील, शिल्लक वाढेल आणि त्या बायका घरी बसतील. हिशेब उत्तम, आणि ज्यांच्यासाठी उद्योग मांडला त्याच बाहेर.

अशा संस्थेची नोंदणी तेलंगणात २००१ च्या संस्था नोंदणी कायद्याखाली करता येते. ते काम कठीण नाही. कठीण आहे ते वही उघडी ठेवणे. कापूस किती रुपयांचा आला, मजुरी किती गेली, उरले किती आणि ते कोठे लागले, या चार रकमा दर महिन्यास फळ्यावर लिहाव्यात, आणि वात वळणाऱ्या स्त्रीला अक्षर येत नसेल तर त्या तिला मोठ्याने वाचून दाखवाव्यात.